आमच्या घरातलं पित्त

माझ्या आजाराचं बारसं आईने केलं, तेही दारात उभ्या उभ्या, शेजारच्या काकूंना चटकन काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून.

त्या सकाळी हिंजवडीला जाणारी कंपनीची बस मी सोडून दिली होती. चुकली नव्हती. मी थांब्यावरच उभी होते. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं आणि माझा पाय काही उचलेना. त्याने हॉर्न वाजवला. मी समोरच्या मेडिकलची पाटी वाचत राहिले आणि बस निघून गेली. मग मी चालत घरी आले, चपलांसकट दिवाणावर बसले आणि रडायला लागले. रडण्यासारखं काहीही घडलेलं नव्हतं, हेच तर सांगता येत नव्हतं. आईने विचारलं, "कुणी काही बोललं का?" मी मान हलवली. "मग?" मी वाकून चपलांचे पट्टे सोडायला लागले.

कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहायचो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न झालं होतं, मोडलंही होतं आणि नातेवाइकांच्या ते पचनीही पडलं होतं. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून त्यांना गोड शब्दांत कळवायच्या, असं त्या कामाचं स्वरूप. आई शाळेतून निवृत्त झालेली. तिचा दिवस भाजी निवडणं, पेपर आणि सोसायटीतल्या बायका यांत आखलेला असायचा. त्या दिवशी त्यातलं सगळंच विस्कटलं.

शेजारच्या काकूंना आमच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे ठाऊक असतं, तेव्हा माझं परत येणं त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी बेल वाजवली. "लेक आज घरी कशी?"

"पित्त झालंय तिला," आई म्हणाली.

काकूंचा चेहरा खुलला. थोड्याच वेळात त्यांच्याकडून आमसुलाचं सार आलं, आणि सोबत रिकाम्या पोटी चहा न पिण्याचा सल्ला. आईने सार घेतलं, दार लावलं आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू तिने मोठीच लढाई मारली. तसं पाहिलं तर मारलीच होती. पुण्यात पित्त झालं म्हटलं की कुणी खोलात शिरत नाही, कारण ज्याला त्याला स्वतःच्या पित्ताबद्दल सांगायचं असतं. तुम्ही फक्त मान डोलवायची. इतका सोयीचा दुसरा आजार आईला शोधूनही सापडला नसता.

पुढे आठवडाभर तो पाय उचललाच नाही, तेव्हा आई मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, मग आईला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" दहावीपासून मी त्यांच्याकडे जात होते. त्यांनी मला झोपेबद्दल विचारलं, भुकेबद्दल विचारलं, सकाळी जाग आल्यावर पहिला विचार कोणता येतो ते विचारलं. मी सांगितलं, की आजचा दिवस नसता तर बरं झालं असतं, असा येतो. त्यांनी पॅडवर एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. रिक्षात आईने ती चिठ्ठी वाचली आणि पर्समध्ये घडी घालून ठेवली. आमच्या लहानपणी कुणी विचित्र वागलं की मोठी माणसं म्हणायची, याला आता येरवड्याला पोचवा. आईच्या पिढीने ते गंमत म्हणून म्हटलं होतं. रिक्षात ती गंमत तिच्या अंगाशी आली होती.

मी चिठ्ठीतल्या त्या डॉक्टरांकडे जायला लागले. त्यांचा दवाखाना डेक्कनजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होता आणि दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना. त्यामुळे जिन्यात भेटणारा प्रत्येक जण दातांसाठी आलेला असायचा. एकदा आमच्या सोसायटीचे चिटणीस मला तिथे बाकावर बसलेले दिसले. सोसायटीतल्या तमाम सूचना तेच लिहायचे, 'चपला आपल्याच दारात काढाव्यात, शेजाऱ्याच्या नव्हे' वगैरे.

"दात?" त्यांनी विचारलं.

"हो. तुमचं?"

"दाढ."

थोड्या वेळाने पहिल्या मजल्यावरच्याच मुलीने त्यांना आत बोलावलं. ते माझ्याकडे न बघता उठले. पण त्यानंतर माझी स्कूटर कितीही वाकडी लागली तरी त्यांनी मला कधी चिठ्ठी लावली नाही.

आई माझ्याबरोबर यायची, पण जिना चढायची नाही. "मी जरा भाजी बघते," म्हणून मंडईच्या दिशेने जायची आणि परत येऊन खाली फाटकाशी उभी राहायची. मी उतरले की विचारायची, "काय म्हणाले?" मी म्हणायचे, "गोळी बदलली." मग ती पिशवीतलं काहीतरी दाखवायची. अंजीर चांगले मिळाले, मटार अजून महागच आहेत.

गोळ्यांचा उपयोग झाला. मी हसायला-खिदळायला लागले असं काही नाही, पण आंघोळ करणं हे काम राहिलं नाही, नुसती आंघोळ झाली. पाय बसच्या पायरीवर चढायला लागला. आणि आमच्या घरात पित्त या शब्दाचा अर्थ कायमचा बदलला. सकाळी चहा देताना आई विचारायची, "आज पित्त कसं आहे?" मी म्हणायचे, "आहे थोडं." मग ती त्या दिवशी रेडिओ लावायची नाही, मिक्सर शेजारच्या खोलीत नेऊन फिरवायची, मला फळांच्या फोडी करून द्यायची आणि जवळ बसायची. कधी मी म्हणायचे, "आज अजिबात नाही," तर ती गुणगुणत पोळ्या लाटायची. खऱ्या पित्ताला आमच्याकडे आता नावच उरलं नव्हतं. आईला आंबट ढेकर आले तर ती 'घशाशी येतंय' म्हणायची. पित्त माझं होतं. तिने तो शब्द स्वतःसाठी वापरणं सोडूनच दिलं होतं.

हे सगळं मायेचं होतं, मला कळत होतं. तरीही मला त्याचा संताप यायचा.

कारण तो शब्द घरात राहिला नाही. ऑफिसातही मी तोच वापरायला लागले. आमच्याकडे 'वेलनेस'चे कार्यक्रम व्हायचे. एक बाई पडद्यावर उगवत्या सूर्याची चित्रं दाखवायच्या, आम्ही डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचो आणि शेजारी कुणीतरी डोळे मिटल्या मिटल्या मांडीवरचा लॅपटॉप चालवत असायचं. माझा मॅनेजर माझ्याहून लहान, मनाने चांगला मुलगा. माझ्या सुट्ट्या वाढल्या तेव्हा त्याने मला काचेच्या खोलीत बोलावलं. "एव्हरीथिंग ओके ना? काही असेल तर सांगा, आपलं ओपन कल्चर आहे."

मी सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तोंडातून निघालं ते, "ॲसिडिटी आहे."

"ओह, मग ठीक आहे," तो म्हणाला. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने मला पाणी दिलं. "आय थॉट काहीतरी सीरियस आहे."

पुढच्या वेळी सुट्टी मागितली तेव्हा त्याने विचारलं, ॲसिडिटीसाठी चार दिवस? त्याचं काय चुकलं? मीही तेच विचारलं असतं. वर्षाच्या शेवटी माझं काम दुसरीला दिलं गेलं आणि मला कमी धावपळीचं काम मिळालं, पोटाला आराम म्हणून.

मला एकच हवं होतं. आईने एकदा, फक्त एकदा, ते त्याच्या नावाने म्हणावं. चारचौघांत नको, मला एकटीलाच म्हणावं. माझी मुलगी आजारी आहे, तिला मनाचं दुखणं आहे आणि ते फार दुखतं. तिने मिक्सर दुसऱ्या खोलीत नेला, पण माझं काय दुखतं ते तिला कळलंय असं मला कधी वाटलं नाही. मला कंटाळा येतो, मी हळवी आहे, घटस्फोटाचं मनाला लावून घेतलंय, असं काहीसं ती धरून चालली होती. गोळ्यांनी हळवेपणा कमी होत असेल तर बरंच आहे, इतपत तिची तयारी होती.

विश्रांतवाडीच्या मावशीकडे तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, तेव्हा माझा तोल गेला. पंगत उठली होती, बायका गप्पा मारत होत्या आणि माझ्या पित्तावर चर्चा रंगली होती. कुणी मोरावळा सांगत होतं, कुणी सब्जा. मी म्हणाले, "मावशी, मला पित्त नाहीये. डिप्रेशन आहे. गोळ्या चालू आहेत."

आईने हसून पानाचं तबक पुढे केलं. "हल्ली ऑफिसात सगळ्यांनाच असतं ते. मुळात पित्तच. पोट साफ नसलं की डोकं चढतं."

बायकांना पुन्हा बोलायला विषय मिळाला. मी परतीच्या रिक्षात आईला म्हणाले, "तुला लाज वाटते माझी."

"लाज नाही वाटत," ती म्हणाली.

"मग एकदा म्हण."

"काय म्हणू?"

"मला काय झालंय ते."

संगमवाडीचा पूल आला, गेला. ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हटलं आणि ते कायमचं राहिलं तर?" मला ते उत्तर पटलं नव्हतं. आज पटतं असंही नाही, पण ती घाबरली होती, एवढं तरी तेव्हा कळायला हवं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर आई मेथी निवडायला बसली. मी आत इस्त्री करत होते. बाहेर आले तर मेथी तशीच पसरलेली आणि आई दिवाणावर भिंतीकडे तोंड करून आडवी. काम अर्धं टाकून आडवं होणं तिच्या स्वभावात नव्हतं. मी विचारलं, "काय गं?"

"काही नाही. पित्त झालंय."

मी जागच्या जागी उभी राहिले. वर सांगितलंच, तो शब्द ती स्वतःसाठी वापरत नसे. आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होता आणि तो आम्हा दोघींनाच माहीत होता. मला वाटलं, हिने मला सांगितलं. आमच्या भाषेत सांगितलं.

कुठल्याही दुसऱ्या घरात मुलीने विचारलं असतं, कुठे जळजळतंय? मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "कधीपासून असं वाटतंय?"

"सकाळपासून. काही नको वाटतंय. जीव घाबरा होतोय."

मीही माझ्या डॉक्टरांना अगदी हेच सांगितलं होतं. जीव घाबरा होतो, काही नको वाटतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मी काय काय बोलले ते सगळं आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणाले, असं होतं, आई. यात तुझी काही चूक नाही. बाबा गेल्यापासून तू स्वतःसाठी रडलीही नाहीस. उद्या माझ्याबरोबर चल, या वेळी जिना चढ, डॉक्टर फार चांगले आहेत. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं गं." मी म्हणाले, "मला माहितीय. अगदी तसंच वाटतं."

ती वळली आणि माझ्याकडे पाहायला लागली. तिचा चेहरा उतरला होता.

"तुला असंच होतं?"

"हो."

"एवढं?"

"हो, आई."

"आणि तू अशी ऑफिसला जातेस?"

"जाते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझा गाल हातात धरला. "मला वाटायचं, तुला कंटाळा येतो," ती म्हणाली. "एवढं दुखत असेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि मी लोकांना पित्त सांगत बसले." मग म्हणाली, "फार वाईट आजार आहे गं तुझा."

तिने म्हटलं. मागितलं होतं त्याहून जास्त म्हटलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लिहायला जड जातं, पण लिहिते: त्या घटकेला मी सुखी होते. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गालावरचा तिचा हात ओला आणि गार आहे, हे मला थोडं उशिरा जाणवलं. आधी वाटलं, डोळे पुसले असतील. मग तिचं कपाळ पाहिलं, तर केस घामाने चिकटले होते आणि पंखा जोरात चालू होता. "जबड्यातही कळ येतेय," ती म्हणाली. असं मला कधीच होत नाही.

काकूंच्या मुलाने गाडी काढली. इस्पितळात एका तरुण डॉक्टरने मला विचारलं, "त्रास कधीपासून?"

"सकाळपासून. दुपारी वाढला."

"काय म्हणत होत्या?"

"पित्त झालंय म्हणाली."

"हं," तो मान खाली घालूनच म्हणाला. "पुष्कळ लोक तसंच समजतात. पित्त समजून घरी थांबतात आणि वेळ जातो." त्याच्या आवाजात दोष नव्हता, उलट त्याने मला सांभाळून घेतलं होतं. मी त्याला कशी सांगणार की मी पित्त समजलेच नव्हते? समजले असते तर निदान एखादी गोळी दिली असती, त्या गोळीने बरं वाटलं नसतं, आणि मग मी घाबरले असते. पण मी तर तिच्याशी मनातलं बोलत बसले होते.

आई आत होती. तिला नळ्या लावल्या होत्या आणि ती पुन्हा बोलली नाही. दोन दिवसांनी गेली.

भेटायला येणारे विचारायचे, काय झालं? मी सांगायचे, हृदयविकाराचा झटका. तेवढ्यावर कुणी थांबत नसे. मावशी माझा हात धरून म्हणाली, "तुला सांगते, तुमच्या घरात पित्ताकडे दुर्लक्षच झालं." मी मान डोलवली. ऑफिसात मात्र तसं केलं नाही. रजा संपल्यावर मॅनेजर म्हणाला, "टेक युअर टाइम," आणि मी त्याला सांगितलं, की मला नैराश्य आहे, जुनं आहे, ॲसिडिटी कधीच नव्हती. तो गडबडला. मग म्हणाला, "माझ्या बहिणीलाही आहे. आम्ही मायग्रेन सांगतो." आम्ही दोघं काचेच्या खोलीत समोरासमोर बसून राहिलो. बाहेरून कुणालाही वाटलं असतं, कामाचीच मीटिंग चालू आहे.

माझ्या डॉक्टरांना मी त्या दुपारचं सगळं सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही. मग म्हणाले, "तुम्हाला शंका आली असती, तरी त्या वाचल्याच असत्या असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही." हे ते सगळ्यांनाच सांगत असतील, आणि बहुधा खरंही असेल. मी म्हणाले, माझं अडलंय ते तिथे नाही. आईला माझा आजार कळला, असं मला वाटलं. पण तिला जे दुखत होतं ते तिचं होतं, माझं नव्हतं. तिने विचारलं, एवढं? आणि मी हो म्हणाले.

"मग ते खोटं होतं का?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी अजून त्यांना दिलेलं नाही. आई गेली ती असं समजून गेली, की तिची मुलगी रोज सकाळी मरणाचं दुखत असताना डबा भरते, बस पकडते आणि ऑफिसला जाते. तिचा गैरसमज झाला होता, असं मला कितीदा तरी म्हणून पाहायचं असतं. पण म्हणवत नाही.